पाच मिनिटांच्या दुरुस्तीबद्दल

“काकांनी गोरेगावात स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला, पण तो काही केल्या चालेना. महिनाभर त्यांनी तो खोलून-खोलून पाहिला. शेवटी मी माझ्या इंजिनिअर मित्राला घेऊन गेलो. त्याने रॅमची पट्टी काढली, खोडरबराने पुसली, परत बसवली आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटर सुरू केला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.”

माझ्या थोरल्या बंधूंच्या पंचाहत्तरीला घरच्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. तीत माझ्या पुतण्याने ‘आमचे हरहुन्नरी काका’ या मथळ्याखाली माझ्याविषयी हा मजकूर लिहिला आहे. मथळ्यात गौरव करायचा आणि मजकुरात खिल्ली उडवायची ही त्याची जुनी पद्धत. वरच्या पाच वाक्यांपैकी पहिल्यातले ‘स्वतःच्या हाताने जोडला’ एवढे खरे आहे, दुसरे आणि तिसरे खरे आहे, आणि चौथ्यातला पट्टी पुसून परत बसवल्याचा भाग खरा आहे. चेहऱ्याविषयी मी काही बोलू शकत नाही, कारण तो माझा मला दिसत नव्हता. उरलेले सगळे चूक आहे. लग्नकार्यात ही गोष्ट हसत-हसत सांगितली जात होती तोवर मी गप्प राहिलो. छापील चुकीला मात्र लेखी उत्तर दिलेच पाहिजे, असे मी छत्तीस वर्षे शाळेत विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर घरी रेडिओ दुरुस्त करीत असे. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजाराला येणारी माणसे भाजीच्या पिशवीत रेडिओ घालून आणीत आणि पुढच्या बाजाराला वाजता घेऊन जात. खरखर करणारे आवाजाचे बटन, सुटलेला सोल्डरचा डाग, जळलेला प्रतिरोधक हे मला नाकाने आणि कानाने कळत असे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. कॅबिनेटचे चार स्क्रू काढताना हात थरथरणारा माणूस मी नव्हतो, एवढेच नोंदवून ठेवतो.

कॉम्प्युटर घरात आणण्याचे कारण माझी धाकटी मुलगी. दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट आहे. ती बी.ए. झाली होती. हिंगोलीच्या एका संस्थेच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर मराठी टंकन करणारी व्यक्ती हवी होती, आणि उन्हाळ्यात त्यासाठी परीक्षा होणार होती. एक मराठी अर्ज ठरलेल्या वेळेत, शक्य तितक्या कमी चुकांनी टंकून दाखवायचा, एवढीच ती परीक्षा. पण गोरेगावात सरावाला यंत्र नव्हते, आणि रोज हिंगोलीला जीपने जाऊन तासाभराच्या सरावासाठी दिवस घालवणे तिला मान्य नव्हते. “बाबा, घरी असलं तर मी परीक्षा काढून दाखवते,” असे ती म्हणाली. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. त्यातली ही एक.

नांदेडच्या दोन दुकानांतून मी सुटे भाग आणले: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी, हार्ड डिस्क, कॅबिनेट, त्यातली वीजपुरवठ्याची पेटी आणि एक वापरलेला काचेचा मॉनिटर. विजेचा साठा करणारा यूपीएस आणला नाही. ती माझी चूक होती हे कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. डिसेंबरातल्या एका रविवारी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून मुलगी माहितीपुस्तिका वाचत होती आणि मी जोडत होतो. संध्याकाळी पडद्यावर पहिली अक्षरे उमटली. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “बोलत न्हाई का हे?”

“नाही. रेडिओ नाही तो.”

“मंग इतकं कौतुक काहून करून राहिले?”

तो चालला. ‘काही केल्या चालेना’ या शब्दांना माझे पहिले उत्तर हेच आहे. डिसेंबरपासून होळीपर्यंत तो एकदाही अडला नाही. मुलगी रोज दुपारी दोन ते चार सराव करी. सकाळी तिला वेळच नसे, कारण उन्हाळा जवळ आला की नळाला एक दिवसाआड, तेही पहाटे पाणी येई. मग ती आणि तिची आई हंडे भरत, धुणी-भांडी उरकत आणि स्वयंपाकाला लागत. दुपार तेवढी तिची स्वतःची होती. मार्चपर्यंत तिच्या बोटांना वेग आला होता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आतून म्हणाली, “बाबा, गेला.”

पडदा काळा. बटन दाबले की कॅबिनेटमधला पंखा अर्धा वळसा घेई आणि थांबे. कधी तो फिरत राही, पडद्यावर कंपनीचे चिन्ह येई आणि सगळे विझे. कधी यंत्र नीट सुरू होई, मुलगी अर्जाच्या ‘महोदय’पर्यंत पोहोचे आणि ते आपोआप पहिल्यापासून सुरू होई. टंकलेले सगळे नाहीसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज बटन दाबले तर जणू काही घडलेच नव्हते. दुपारी पुन्हा तेच.

मी एक वही केली. तारीख, वेळ, लक्षण. दहा दिवसांत वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली: सकाळी यंत्र निरोगी असे, दुपारी आजारी. यावरून कोणीही समजदार माणूस जो निष्कर्ष काढील तोच मी काढला. उष्णता. आमच्याकडे मार्चअखेरच्या दुपारी पत्र्याखालची खोली किती तापते हे पुण्याच्या माणसाने मला सांगू नये. मी कॅबिनेटची एक बाजू उघडली, प्रोसेसरवरचा पंखा काढून साफ केला, त्याखालचा लेप नवा लावला आणि शेजारी टेबलफॅन ठेवला. टेबलफॅन लावला की यंत्र आणखी लवकर बंद पडे. ही नोंदसुद्धा वहीत आहे. तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. लागायला हवा होता.

विजेवर माझा संशय आला नाही असे नाही. माझ्याकडे सुईचा मल्टिमीटर होता, तोच, ज्याने मी शेकडो रेडिओ तपासले होते. बंद यंत्राची पिन काढून भिंतीतल्या सॉकेटात त्याची टोके घातली. सुई दोनशे वीसवर. दुसऱ्या दुपारी पुन्हा. दोनशे वीस. वीज निर्दोष आहे, असे मी वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली.

मग मी तो डबा मांडीवर घेऊन जीपने हिंगोलीला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तिथे तो भर दुपारी तीन तास अखंड चालला. दुकानदार हसून म्हणाला, “सर, मशीन तो टकाटक है. तुमचा हात लागला की बिघडतं का?” त्याच्याकडून वीजपुरवठ्याची दुसरी पेटी उसनी आणली, घरी बसवली. सकाळी चालला. दुपारी गेला. तेव्हा मला वाटले की जीपच्या धक्क्यांनी तिथे काहीतरी जागेवर बसते आणि घरी येईपर्यंत पुन्हा सुटते, म्हणजे बोर्डाला केसासारखी बारीक चीर असावी. बोर्ड भिंगाखाली धरून मी दोन दुपारी बसलो. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

मुलीने तक्रार केली नाही. एके दिवशी जेवताना ती एवढेच म्हणाली, “मी टाइपरायटरवर करते सराव, बाबा. बाजारातल्या टायपिंगवाल्याकडं आहे एक.” टाइपरायटरच्या कळा वेगळ्या, अक्षरांच्या जागा वेगळ्या. त्याच्यावर बसलेली बोटे परीक्षेच्या दिवशी तिला दगा देणार, हे तिलाही माहीत होते.

अशा वेळी पुतण्या आला. एप्रिलमधला रविवार होता. बरोबर त्याची पत्नी, दोन मेहुणे, त्यांची आई आणि पुण्याचा तो इंजिनिअर मित्र, अशी सहा माणसे मोटारीने आली. पाणीटंचाईचे दिवस, पण पाहुणे म्हटल्यावर बायकोने शेजारून दोन घागरी मागून आणल्या. सगळ्यांनी मागच्या मोरीवर हातपाय धुतले. शेवग्याच्या शेंगांचे वरण, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वर शेवयांची खीर, असा बेत होता. जेवणे झाल्यावर ताटे-वाट्यांचा ढीग मोरीवर पडला, आणि बायको व मुलगी घासायला बसल्या. मित्र ढेकर देत पुढच्या खोलीत आला.

“काका, हे तुम्ही स्वतः असेंबल केलंय?”

“हो.”

“मग प्रॉब्लेम सापडला,” तो म्हणाला. सगळे हसले. पुतण्या सर्वांत जास्त हसला.

त्याने बटन दाबले. पंखा अर्धा वळसा घेऊन थांबला. त्याने पिन काढली, कॅबिनेट उघडले, रॅमची पट्टी काढली आणि मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर घेऊन पट्टीच्या सोनेरी दातांवरून फिरवले. हे करताना तो गप्पा मारत होता. पुण्यातल्या ट्रॅफिकविषयी बरेच काही सांगून झाले. पाच मिनिटे नव्हे, निदान वीस मिनिटे लागली, पण तेवढ्यासाठी मी भांडत नाही. पट्टी बसवून त्याने बटन दाबले आणि यंत्र सुरू झाले. अर्धा तास चालले. पुतण्याने टाळी वाजवली.

“बघा काका! महिनाभर तुम्ही उगाच झटापट करून राहिला होता.”

मी म्हणालो, “पट्टी मी सात वेळा काढून पुसली आहे.”

“पण दाबून बसवली नसणार,” मित्र म्हणाला.

चार वाजता ते गेले. पुतण्याचा लेख इथे संपतो. माझी अडचण अशी की दुसरा दिवस उगवला. सोमवारी दुपारी अडीच वाजता मुलीचा आवाज आला, “बाबा, गेला.” मी बाजारातल्या फोनबूथवर जाऊन पुतण्याला कळवले. तो म्हणाला, “काका, तुम्ही परत हात लावला असेल. आता राहू द्या. तिला पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी ती जागा राहिली असती काय, हे त्याने सांगितले नाही.

मंगळवारी दुपारी मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो. आत मुलगी दर पाच मिनिटांनी बटन दाबून पाहत होती. तेवढ्यात बायको मागून एक बादली घेऊन समोरून गेली. भांडी विसळलेले, राखेने करडे झालेले पाणी होते. मी चिडलेलोच होतो. म्हणालो, “अगं, एवढ्या उन्हात ते पाणी कुठं घेऊन चाललीस?”

“लिंबाला.”

“लिंबाला कधीपासून?”

“होळीपासून रोज टाकून राहिले की मी. पाणी न्हाई गावात, तर मोरीतलं वाया काहून जाऊ द्यायचं? ते बारकं झाड वाळून चाललं होतं. तुमचं ध्यान कुठं राहते, त्या डब्यात!”

मी वही उघडली. पहिल्या पानावर पहिली नोंद: होळीचा दुसरा दिवस.

“आणि रविवारी? पाहुणे होते तेव्हा?”

“तवा कुठली सवड होती बादल्या भरायला? दिलं वाहू मोरीतून.”

आता मला गल्लीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती पुतण्याच्या लेखात नाही, आणि दीड महिना माझ्याही डोक्यात आली नव्हती. वीज एका तारेने घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. बुद्धविहारामागच्या आमच्या गल्लीत अकरा घरे. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गल्लीच्या खांबावर न्यूट्रलचा जोड तुटला होता. त्या दिवशी दिवे गेले. आणि आमच्याकडे असे झाले की माणूस वीज कार्यालयात जात नाही, कुदळ हाती घेतो. प्रत्येकाने अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून लोखंडी सळई पुरली, घरातली परतीची तार तिला बांधली. वीज जमिनीतून परत जाऊ लागली, दिवे लागले, आणि दिवे लागल्यावर तक्रार करायची कशाची? याला आमच्याकडे ‘अर्थिंगवर चालवणे’ म्हणतात. फक्त एक पथ्य असते. सळईभोवतीची माती ओली हवी. माती सुकली की दिवे मंद होतात, म्हणून उन्हाळ्यात घरोघरी अर्थिंगला बादलीभर पाणी घालतात.

मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे माझी सळई इतरांपेक्षा शहाणपणाने पुरली होती. मोरीचे पाणी जिथून बाहेर पडते, नेमके तिथे. म्हणजे धुण्या-भांड्यांचे पाणी तिला आपोआप मिळत राहील आणि मला कधी बादली घालावी लागणार नाही. दोन वर्षे लागली नाही. ती सळई तिथे आहे हेही मी विसरून गेलो. आणि होळीपासून बायकोने ते पाणी लिंबाकडे वळवले. पहाटे धुणे-भांडी होत तेव्हा जो काही थोडा ओलावा निसटून सळईपर्यंत पोहोचे, त्यावर सकाळ निभावे. दुपारी माती कोरडी ठक्क.

मी मल्टिमीटर आणला. सुई पुन्हा दोनशे वीसवर होती. मग मीटर तसाच लावून ठेवला आणि मुलीला म्हणालो, “आता दाब.” तिने बटन दाबले. मॉनिटरने विजेचा घोट घेतला आणि सुई दीडशेच्याही खाली कोसळली. पंखा अर्धा वळसा घेऊन थांबला. सुई परत दोनशे वीसवर. टेबलफॅन हाच भार आणखी वाढवत होता, हा वहीतल्या त्या नोंदीचा अर्थ आता लागला.

इथे मी स्वतःला सोडत नाही. यंत्र बंद असताना वीज मोजणे म्हणजे रिकामी गाडी ओढून बैलाची ताकद ठरवणे. मुलांना मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सळईवर भरवसा असल्यामुळे, मी ते विसरलो. पुतण्याला माझी चूक काढायचीच होती तर ही काढायला हवी होती. ही त्याला सापडली नाही.

मी दोन बादल्या सळईपाशी ओतल्या. पंधरा मिनिटे थांबलो. यंत्र सुरू झाले आणि मुलीने चार अर्ज टंकले. बायको मोरीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. “म्हणजे आता लिंबाला न्हाई, ह्या डब्याला पाणी पाजायचं व्हय?” संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली की सरांचा कॉम्प्युटर पाण्यावर चालतो. नळावर बायका मुलीला विचारू लागल्या, “काय गं, गाळून पितो का तसंच?”

टँकरची वाट पाहणाऱ्या गावात रोज दोन बादल्या जमिनीत ओतणे मला शक्य नव्हते, आणि अशा लटपटत्या विजेवर मुलीचा सराव सोपवणे मान्य नव्हते. उपाय एकच होता. खांबावरचा न्यूट्रल जोडला गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी बाजारात लाइनमनला गाठले. तो माझाच विद्यार्थी, आता केस पांढरे होऊ लागलेला.

तो म्हणाला, “सर, तोंडी सांगून आमी खांबावर चढत न्हाई. लेखी पाहिजे. आन् लेखी दिलं तर साहेब पहिले विचारतील, दोन साल दिवे कशावर लावून राहिले? अर्थिंगवर? मंग अगुदर अकरा घरांची लाईन कापा. तुमी काहून ह्या फंदात पडता?”

“मुलीची परीक्षा आहे.”

“मंग बादली टाका की सर. सगळेच टाकून राहिले.”

गल्लीत मी घरोघर जाऊन आलो. अर्जावर सही द्यायला कोणी तयार नव्हते, आणि त्यांचा दोषही नव्हता. शेजारच्या म्हातारीने तर स्पष्टच सांगितले, “गुरुजी, तुमच्या डब्यापायी आमचे दिवे घालवू नका. आमची काही तक्रार न्हाई.” तेव्हा मी ठरवले की अर्ज एकट्याचा करायचा आणि त्यात फक्त माझ्या घराविषयी लिहायचे.

तो अर्ज मी मुलीला सांगितला आणि तिने तो सरावाचा अर्ज म्हणून यंत्रावर टंकला, सकाळी, यंत्र शुद्धीवर असताना. ‘माझ्या घरचा वीजप्रवाह गेली दोन वर्षे न्यूट्रलऐवजी जमिनीतून परत जातो. असे करणे अयोग्य व धोक्याचे आहे, हे मी विज्ञानाचा शिक्षक असल्याने मला पूर्णपणे ठाऊक होते. तरीही सोयीसाठी मी ते केले.’ इथे तिची बोटे थांबली.

“बाबा, हे असंच लिहायचं?”

“असंच.”

“‘पूर्णपणे’ काढू का?”

“नको. खरे आहे ते.”

घरात प्रिंटर नव्हता, म्हणून पडद्यावरून तो अर्ज मी हाताने उतरवून घेतला आणि जीपने तालुक्याच्या वीज कार्यालयात गेलो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, त्याला स्वतःची चूक निळ्या शाईने, सहीनिशी, परक्या टेबलावर ठेवणे सोपे जाते असे कोणी समजू नये. साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“सर, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून आणलंय.”

“त्या गल्लीची दुसरी काही तक्रार आहे का तुमच्याकडे?”

त्यांनी फाइल मागवून पाहिली. “एकही नाही. आमच्या कागदावर तिथं सगळं व्यवस्थित आहे.”

“म्हणूनच आणली.”

ते थोडे हसले. दंडाची गोष्ट निघाली नाही. एवढेच म्हणाले की जोड झाला की त्याच दिवशी सगळ्या घरांच्या तारा सळयांवरून काढून न्यूट्रलवर घ्यायच्या, आणि ती जबाबदारी माझी. शुक्रवारी दुपारी लाइनमन शिडी घेऊन आला. वर गंजलेला जोड तोडून त्याने नवा घट्ट आवळला. मग तो आणि मी घरोघर जाऊन तारा बदलल्या. शेजारच्या म्हातारीने आम्हाला दारातच अडवले होते. मी तिला म्हणालो, “दिवा लागला नाही तर माझ्या घरचा काढून तुमच्याकडे लावीन.” मग तिने वाट दिली.

त्या शुक्रवारनंतर परीक्षेपर्यंत नऊ दुपारी होत्या. मुलीने एकही चुकवली नाही. मी मुद्दाम मीटर लावून ठेवला होता. सुई दोनशे दहाच्या खाली उतरली नाही. परीक्षेहून ती परतली तेव्हा जीपमधून उतरताना चेहऱ्यावरून काही कळेना. चपला काढताना म्हणाली, “वेळेच्या आधी झाला, बाबा. अर्ज होता. विषय, घरातील वीजपुरवठ्याबाबत तक्रार.” मला वाटले थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. महिन्याभराने निवडीचे पत्र आले. त्या कार्यालयात ती अजून काम करते, आणि आता नवीन मुलींना टंकन शिकवते. तो कॉम्प्युटर त्यानंतर सहा वर्षे चालला, आणि धूळ झटकण्याखेरीज त्याचे कॅबिनेट उघडावे लागले नाही.

पुतण्याला हे सारे मी सांगितले आहे. त्याचे म्हणणे असे की रॅमची पट्टी हळूहळू जागेवर बसली असेल आणि न्यूट्रलचा योगायोग असेल. त्याच्या मित्राचे म्हणणे असे की दोन दोष एकाच वेळी असू शकतात. माझी बायको तिच्या माहेरी सांगते की दुरुस्ती तिने केली, कारण लिंबाचे तिने सांगितले. तिच्याशी मी एका मर्यादेपर्यंत सहमत आहे. मोजले मी, पण तिने ते उत्तर दिले नसते तर मी अजून भिंग घेऊन बोर्डातली चीर शोधत बसलो असतो. हे मी तिच्यासमोर कबूल केले आहे आणि इथेही करतो. पट्टीविषयी मात्र तडजोड नाही.

कारण शुक्रवारी लाइनमनने खांबावर जोड आवळला, त्या दिवशी दिवेलागणीला, दोन वर्षे फडफडून-फडफडून लागणाऱ्या ट्यूबलाइटी अकराही घरांत बटन दाबताक्षणी लागल्या. आणि त्यांतल्या दहा घरांत कॉम्प्युटर नव्हता.